पिवळ्या चिठ्ठीचे पिंजरे

१३ जानेवारी, सोमवार

वही मराठीतच लिहायची. लॉकर रूममध्ये कुणी उघडली तरी काही कळणार नाही. शेजारच्या खोलीतल्या मेबल आंटीला कळेल, पण ती दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. ऊर्मीला कळेल. कळू दे.

आज ऊर्मीचा प्रयोग सुरू झाला. चाळीस पांढरे उंदीर, सगळे नर, पिंजऱ्यात दोन-दोन. दहा पिंजऱ्यांना पिवळी चिठ्ठी, दहांना निळी. सगळ्यांना बारा आठवडे चरबीवालं खाद्य द्यायचं, म्हणजे लिव्हर फॅटी होतं. एका बाजूच्या खाद्यात कुठल्यातरी फळाचा अर्क आहे. तो लिव्हरला वाचवतो का, एवढंच बघायचंय. कुठल्या बाजूला अर्क आणि कुठल्या बाजूला नुसतं खाद्य हे खोलीत कुणालाच माहीत नाही, खुद्द ऊर्मीलाही नाही. दोन्ही गोळ्या सारख्याच, काळपट लाल. खरं काय ते एका बंद पाकिटात आहे आणि पाकीट आकडेमोड करणाऱ्या निहारच्या कपाटात.

"फळ कुठलं?" मी विचारलं.

"सांगणार नाही," ऊर्मी म्हणाली. "तुला काही वाटायलाच नको. वाटलं की हात बदलतो."

ऊर्मी जळगावची. डाउनटाउनच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, पण उंदीर आमच्या लॅबमध्ये, शहराबाहेर मिसिसागात, एअरपोर्टच्या मागे. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी इथे पिंजरे बदलतो, खाद्य तोलतो, वजनं घेतो. व्हेट टेक्निशियनचा कोर्स तिसऱ्या सेमिस्टरला सोडला. मास्तर भर वर्गात म्हणाला की माझे उच्चार कुत्र्यांनाही कळत नाहीत. मी औजारांचा ट्रे आपटला, बॅग उचलली, निघालो. ट्रे आपटला नसता तर चूक त्याची ठरली असती असं बाबा म्हणतात. बाबांना ट्रे दिसतो, माणूस दिसत नाही.

पहिला उंदीर काढून दिला तेव्हा तो माझ्या कोपराच्या घडीत डोकं खुपसून बसला. ऊर्मी बघत होती. म्हणाली, "तुझा हात हलका आहे रे, पृथ्वीराज." इथे सगळे मला राज म्हणतात. अख्खं नाव घेणारी ती एकटी.

बस एकवीस मिनिटं उशिरा आली. काही वाटलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

एक गोष्ट केली. कुणाला सांगण्यासारखी नाही.

पिवळ्या बाजूच्या खाद्याची बादली उघडली. मास्कच्या आत नाक खाजत होतं म्हणून मास्क खाली घेतला, आणि वास आला. आंबट, खारट. सावंतवाडीला आमच्या मागच्या खळ्यात आई सोलं वाळवायची. कोकमाची सालं रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची. चौदा वर्षं तो वास दर मे महिन्यात नाकात होता. चौदाव्या वर्षी इकडे आलो.

एक गोळी उचलली आणि जिभेवर ठेवली. हो, उंदराचं खाद्य. आंबट लागली. थुंकली. मग निळ्या बादलीतली नुसती चाटून बघितली. तीही जरा आंबट, पण फिकी.

म्हणजे कोकम. आणि पिवळी बाजू. मोठमोठ्या लोकांनी रंग घालून पाकिटात बंद केलेली गोष्ट सावंतवाडीच्या नाकाने तीन दिवसांत काढली. ऊर्मीला सांगितलं तर ती चिडेल. शिवाय सांगायची गरज काय? मला माहीत आहे, बस.

२८ जानेवारी, मंगळवार

आज जेवणाच्या सुट्टीत ऊर्मी माझ्या टेबलावर बसली. डब्यात भरीत. अर्धं मला दिलं. बोलता बोलता म्हणाली की एप्रिलमध्ये आकडे चांगले आले तर डॉक्टर रेबेका तिला मोठा प्रोजेक्ट देणार, दोन वर्षं इथेच. रेबेका आमच्या इथली मुख्य. नाहीतर सस्काटूनला एका लॅबने विचारलंय.

"सस्काटून कुठे आलं?"

"विमानाने तीन-साडेतीन तास. उणे पस्तीस."

"उणे पस्तीसात जळगावचं माणूस टिकतं का?"

"बेचाळीस डिग्रीत टिकलंय, तिकडेही टिकेल," ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

कोकम चालायलाच पाहिजे.

मी काही खोटं करत नाही. वजनं बरोबर लिहितो, खाद्य ग्रॅमवर तोलतो. फक्त पिवळ्यांकडे जरा जास्त लक्ष देतो. सकाळी आधी त्यांना घेतो. एकेकाला हातात घेऊन पोटाला बोटांनी गुदगुल्या करतो, ते उलटे होऊन बोटं पकडतात. पुठ्ठ्याच्या नळ्या मिळतात, त्या आधी त्यांना. उरल्या तर निळ्यांना. आजवर उरलेल्या नाहीत.

घरी आईला सांगितलं की आमच्याकडे कोकमावर प्रयोग चाललाय, लिव्हरसाठी. बाबांना डिसेंबरात डॉक्टरने फॅटी लिव्हर सांगितलंय. रोज चाळीस मिनिटं चाला, तळलेलं बंद. बाबा वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात, घरी आले की फरसाणाचा डबा. आईने लगेच फडताळातली आगळाची बाटली काढली. गावाहून आलेला कोकमाचा खारा रस.

"उंदरांका फरक पडता?" बाबांनी विचारलं.

"पडणार," मी म्हटलं.

"मगे माका कित्याक नाय पडाचो?" आणि ग्लास रिकामा केला. नंतर मूठभर शेव.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी पार्किंगमध्ये ऊर्मी निहारच्या गाडीत बसताना बघितली. बर्फ पडत होता. तो तिच्या बाजूची काच खरवडून देत होता. त्याच्या गाडीला विंटर टायर, माझ्याकडे बसचा पास.

सोमवारचे पिंजरे बदलायचे राहिले होते, ते आज केले. निळ्या बाजूचे एकेक ओढून काढले, आदळले. झाकणं लोखंडी, खोलीभर आवाज. दोघंतिघं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले. एकाने हातमोज्यावरून चावा घेतला. मी त्याला परत आत टाकला. ठेवला नाही, टाकला. खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

पिवळ्यांवर राग काढवत नाही. ते तिचे आहेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सहाव्या आठवड्याचं रक्त तपासून आलं. ऊर्मी धावतच खोलीच्या काचेपाशी आली आणि फोनचा स्क्रीन काचेला लावला. दोन रेघा. पाचव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ, मग एक वर गेलेली आणि एक खाली राहिलेली. काचेतून तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळलं. वेगळ्या झाल्या! वेगळ्या झाल्या!

कुठली रेघ कुठल्या चिठ्ठीची हे त्या कागदावर नव्हतं. तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. वजनं मीच घेतो. पिवळे कमी फुगलेत.

बाहेर आलो तेव्हा तिने टाळी मागितली. अजून तळहात गरम आहे असं लिहिणार होतो. बावळटपणा आहे. पण आहे.

४ मार्च, मंगळवार

मेबल आंटीशी भांडण. खरं म्हणजे भांडलो मीच.

मेबल आंटी वसईची. बत्तीस वर्षं या कामात, त्यातली चोवीस इथे. मला नोकरी तिनेच लावून दिली, आईशी तिची ओळख इंडियन ग्रोसरीत झाली, बोंबलाच्या पाकिटावरून. आज ती शेजारच्या खोलीतून आली आणि बराच वेळ दारात उभी राहिली.

"काय रे बाबा, पिवळ्यांची लग्नं लावतोस का?"

"काय?"

"अर्धा तास खेळवतोस त्यांना. निळ्यांना घेतोस ते भाजीवाला कोबी टाकतो तसं."

"सगळ्यांना सारखंच बघतो मी."

ती पुढे झाली. निळ्या पिंजऱ्यासमोर आपला हात धरला. उंदीर जागेवरच राहिले, मिशा हलवत. मग म्हणाली, "आता तू धर." मी धरला. दोन्ही भुशात घुसले.

"ऐक," ती म्हणाली. "मुंबईला मी परळला कामाला होते तेव्हा एक औषध चाललं होतं. दाराजवळचे उंदीर मरायचे, खिडकीजवळचे जगायचे. सहा महिने साहेब लोक म्हणाले, औषधाचा गुण. गुण कसला, दाराला बिजागरी नव्हती धड. दिवसातून शंभरदा धाडकन व्हायचं. उंदराला औषध कळायच्या आधी माणूस कळतो."

"तुमचं दार वेगळं, माझं वेगळं."

"तू दारापेक्षा मोठा आवाज करतोस, मेल्या."

मी म्हटलं, तुम्ही तुमच्या खोलीत बघा. म्हातारीला असं बोललो. ती आपल्या खोलीत गेली. दुपारी माझ्या लॉकरवर नेहमीसारखा डब्यातला केक नव्हता.

१२ मार्च, बुधवार

बाबांचं ब्लड प्रेशर एकशे बहात्तर. पाय सुजलेत. डॉक्टरने विचारलं नवीन काय खाताय, तर बाबांनी अभिमानाने सांगितलं, आगळ. रोज एक ग्लास, दीड महिना. डॉक्टर पंजाबी बाई, तिला आगळ समजावून सांगायला आईला दहा मिनिटं लागली. मीठ किती, हे ऐकल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

"ये किसने बोला आपको?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लॅब में... चूहों पे..."

"चूहा वॉक पे जाता है? शेव खाता है?"

घरी येताना बाबा गाडीत म्हणाले, "ती बाई कायव सांगता. पोरग्यान स्वतः बगल्यान. उंदीर बरे जातत."

माझ्यावर एवढा विश्वास त्यांनी आजवर कधी टाकला नव्हता. कॉलेज सोडल्यापासून तर नाहीच. मागच्या सीटवर बसून मी खिडकीतून बघत राहिलो. मेबल आंटीचं दार डोक्यातून जाईना.

१५ मार्च, शनिवार

सुट्टी असून कामावर गेलो. खोली रिकामी होती, म्हणजे उंदीर होते, माणसं नव्हती. मधोमध स्टुलावर बसलो आणि काहीच केलं नाही.

पिवळे दहाही पिंजरे जाळीपाशी येऊन उभे. काही जण मागच्या पायांवर. निळ्या बाजूला हालचाल नाही. एका खोलीत दोन खोल्या असल्यासारखं. हे कोकमाने होतं? कोकमाने लिव्हर वाचत असेल, पण कोकमाने उंदीर मला ओळखतो का?

जुनी पानं चाळली. सात फेब्रुवारीला पिंजरे आदळले. रक्ताच्या रेघा वेगळ्या झाल्या त्याच दरम्यान. त्याआधी जवळजवळ होत्या, हेही मीच लिहिलंय. दोन पानांत फार अंतर नाही. मीच लिहिलं आणि मलाच दिसलं नाही.

पण कोकमाचाही गुण असेल ना थोडा? काही माझा, काही कोकमाचा. किती माझा? हे आता कोण सांगणार.

निळ्या बाजूला पुठ्ठ्याच्या नळ्या टाकल्या. मग वाटलं, हेही चूकच, मधेच बदल केला. काढायला हात घातला तर ते थरथरायला लागले. राहू दिल्या.

१८ मार्च, मंगळवार

ऊर्मीने आज सांगितलं की रेबेका खूश आहे. पाकीट उघडायच्या आधीच तिने मोठ्या प्रोजेक्टचे कागद तयार करायला घेतलेत. मे महिन्यात कॉन्फरन्स, तिथे ऊर्मी उभी राहून सांगणार. "आणि आभारात तुझं नाव घालणार आहे. पृथ्वीराज परब. स्पेलिंग बरोबर लिहून दे."

मी कागदावर लिहून दिलं.

गप्प राहिलो तर ती इथे राहते. दोन वर्षं. रोज जेवणाच्या सुट्टीत समोर. कुणाचं काय बिघडतं? उंदीर बिचारे तसेही मरणार आहेत. आणि कोकम कुणाला मारत नाही.

हे वाक्य लिहिलं आणि आतल्या खोलीतून बाबा आईला म्हणाले, "अर्दो ग्लास तरी दी गो. मीठ बसता तळाक, वरचा वरचा दी."

२० मार्च, गुरुवार

सांगितलं.

पिंजरे धुण्याच्या खोलीत सांगितलं. तिथे मशीनचा आवाज असतो, म्हणून तीच जागा निवडली होती. अर्धं बोलून झालं आणि मशीन थांबलं. पुढचं सगळं स्वच्छ ऐकू गेलं.

पिवळी बादली, वास, जिभेवर ठेवलेली गोळी. गुदगुल्या, नळ्या. सात फेब्रुवारी. निळ्यांना टाकलं ते. ऊर्मी भिंतीला टेकून ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "गोळी खाल्लीस?"

"चाटली."

शेवटी मी म्हटलं, "मला तू आवडतेस म्हणून केलं. तू जाऊ नये म्हणून."

तिने खिशातून वही काढली. पेन चालेना, दोनदा झटकलं.

"हे मी फॉर्मवर कुठे लिहू?" ती म्हणाली. "तारीख सांग. पहिल्यांदा कधी?"

मी तारखा सांगत गेलो. ही वही होती म्हणून सगळ्या आठवत होत्या. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, ते मला जमतं. ती लिहीत राहिली. पान भरलं तेव्हा म्हणाली, "मी तुझ्या हातावर विश्वास ठेवून रेघांकडे बघत होते रे. मला वाटलं अर्क बोलतोय."

मग विचारलं, "पिवळ्यात काय आहे म्हणालास?"

"कोकम."

तिने तो शब्द लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. वरच्या मजल्यावर रेबेकाकडे गेली. जाताना दार हळूच लावलं.

२४ मार्च, सोमवार

रेबेकाच्या खोलीत पाच जण. रेबेका, ऊर्मी, निहार, मी, आणि मेबल आंटी, कारण ती सगळ्या पिंजऱ्यांची प्रमुख. माझ्यासमोर फॉर्म. नेमून दिलेल्या रीतीपासून काय वेगळं झालं ते लिहून सही करायची. अडीच पानं झाली. रेबेका म्हणाली, नोकरी राहील, पण प्राण्यांच्या खोलीत मी नाही. धुण्याच्या खोलीत. ती चिडली नव्हती. चिडायला मी तेवढा मोठा नव्हतो बहुतेक.

प्रयोग बाद झालाच होता, म्हणून पाकीट उघडायचं ठरलं. निहारने उघडलं. मला वाटत होतं त्याचा चेहरा विजयी असेल. नव्हता. त्याने एकदा वाचलं, मग ऊर्मीकडे बघितलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

अर्क निळ्या बाजूला होता.

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "मग पिवळ्यात काय होतं?"

"काही नाही," ऊर्मी म्हणाली. मराठीत म्हणाली. "दोन्हीची चव सारखी लागावी म्हणून सायट्रिक ॲसिड, मीठ आणि खायचा रंग. बनवणाऱ्याने जरा जास्त घातलं असेल."

"पण कोकमाचा वास होता."

"कोकम कुठेच नव्हतं. लाल अंबाडीची बोंडं आहेत. माझी आई चटणी करते."

जळगावच्या पोरीने कोकम कशाला घेतलं असतं? हा प्रश्न मला अडीच महिन्यांत एकदा पडला नाही.

म्हणजे ज्यांच्या खाद्यात काही नव्हतं ते बरे राहिले, आणि ज्यांना अंबाडी मिळत होती ते फुगले. मी गप्प राहिलो असतो तर पाकीट उघडल्यावर मे महिन्यात ऊर्मीला उभं राहून सांगावं लागलं असतं की अंबाडी लिव्हरला वाईट. छापूनही आलं असतं. ती बघत होती कागदाकडे आणि मला हे एकेक करून कळत होतं.

रेबेकाने इंग्रजीत विचारलं, सगळे ठीक आहात ना? मेबल आंटी म्हणाली, "नो, बट वी विल बी." मग माझी कॉलर धरून मला उठवलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आंटी, त्या दिवशी वाईट बोललो.

"बोललास. आता ये, तीस पिंजरे पडलेत धुवायला."

२५ मार्च, मंगळवार

घरी सांगायचं काल धाडस झालं नाही. आज जेवताना सांगितलं. बाबा ऐकत होते, घास हातात.

"म्हंजे सोलां वायट?"

"नाही. कोकम त्यात नव्हतंच."

"मगे बरी?"

"माहीत नाही."

"अंबाडी बरी?"

"तेही माहीत नाही. मी वाट लावली ना त्याची."

"म्हंजे म्हायत नाय, ह्या सांगूक तुका तीन म्हयने लागले?"

"हो."

आई हसायला लागली. बाबाही हसतील असं वाटलं. त्यांनी घास खाल्ला, हात धुतला, आतल्या खोलीत गेले आणि बूट घालून बाहेर आले. "चल. चाळीस मिन्टां." उणे सहा होतं. बाबा पुढे, मी मागे, फुटपाथवर अजून बर्फाचे ढीग. एका वळणावर थांबून दम खात म्हणाले, "ट्रे परत आपटलंस ना?"

"नाही. या वेळी सांगितलं."

पुढचा चौक येईपर्यंत आम्ही बरोबर चाललो.

७ एप्रिल, सोमवार

बारा आठवडे झाले. प्रयोग बाद असला तरी उंदीर परत कुठे पाठवता येत नाहीत. त्यांची लिव्हरं दुसऱ्या कुणाच्या कामाला येतील. दिवस आजचाच होता.

सकाळी ऊर्मी धुण्याच्या खोलीत आली. वीस तारखेनंतर माझ्याशी पहिल्यांदा एकटी बोलली.

"आज तू हवायस. एका दिवसाची परवानगी काढली आहे."

"का?"

"पिवळे दुसऱ्या कुणाच्या हातात शांत राहत नाहीत. तू गेल्यापासून जाळीशी येऊन बसतात आणि दुसऱ्याला बघून मागे जातात. शेवटी तरी घाबरू नयेत."

"आणि निळे?"

"निळे मेबल आंटी घेईल. त्यांच्यासमोर तू येऊ नकोस."

गाऊन घातला, हातमोजे घातले. निळे आधी झाले. मी दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होतो. आत आंटी त्यांच्याशी आपल्या वसईच्या मराठीत काहीतरी बोलत होती, लहान मुलाला अंघोळ घालताना बोलतात तसं. निळ्यांशी मी बारा आठवड्यांत एक शब्द बोललो नव्हतो.

मग मी आत गेलो. पहिला पिवळा पिंजरा उघडला आणि दोघंही माझ्या हातावर चढले. त्यांना मी खेळायला आलोय असं वाटलं. एकेकाला कोपराच्या घडीत घेऊन खोलीच्या त्या टोकाला, ऊर्मीच्या टेबलापर्यंत नेला. नऊ पावलं. गॅसच्या पेटीत ठेवताना तो माझं बोट सोडत नव्हता. ऊर्मी वाट बघायची. घाई करायची नाही. वीस वेळा. सोळाव्याला मी म्हटलं, मला जमत नाही. ती म्हणाली, "मलाही. चार राहिलेत."

झाल्यावर दोघंही बाकावर बसलो. मास्क काढले तेव्हा तिच्या नाकावर वळ होता.

"पुन्हा करणार का?" मी विचारलं.

"सप्टेंबरात. अंबाडीच."

"इथे?"

"सस्काटूनला. परवा हो म्हणाले त्यांना."

मी मान हलवली. निहारबद्दल विचारावंसं वाटलं आणि नाही विचारलं. तो हिशोब माझा नाही.

"एक काम कर," ती उठताना म्हणाली. "तिथे खोलीत तू नसशील. पण तिथल्या माणसांनी चाळीसच्या चाळीस उंदरांना सारखं उचलायला पाहिजे, तू पिवळ्यांना उचलायचास तसं. ते मला लिहून दे. कसं धरायचं, कुठे हात लावायचा, कधी सोडायचं. सगळं. उद्यापर्यंत."

८ एप्रिल, मंगळवार

बसमध्ये लिहून काढलं, इंग्रजीत, दीड पान. हात आधी पिंजऱ्यात ठेवून थांबायचं, उंदराने हुंगल्यावर उचलायचं. शेपटीने कधीच नाही. छातीखाली दोन बोटं. पोटाला गुदगुल्या, मग थांबा, तो बोटामागे आला तर परत. आवाज नाही. खोलीत यायच्या आधी राग आला असेल तर बाहेर उभं राहायचं. हे शेवटचं ती खोडेल असं वाटलं. नाही खोडलं.

एकाच जागी तिने गोल केला. मी लिहिलं होतं की थरथर थांबेपर्यंत हातात धरायचा. तिने बाजूला पेनने लिहिलं, "म्हणजे किती मिनिटं? तिथल्यांना आकडा लागेल."

मला माहीत नाही. मी कधी घड्याळ लावलं नाही. मोजून बघायला आता उंदीर नाहीत.